पाण्याजवळ तहानलेले पिल्लू



ज्यांच्या घरी कबुतरांची ढाबळ आहे त्यांस ठाऊकच आहे की, अंडे सुमारे १८ दिवसांनी फुटते, व पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. नर व मादी ही दोघेही आपल्या गळ्याखालील पिशवीत होणारा दह्यासारखा पदार्थ त्यास भरवितात. पहिले काही दिवस त्यावरच त्याचा निर्वाह होतो. मग हळूहळू त्यात दाणे मिसळू लागतात. सुमारे चार आठवड्यांनी पिल्लाचे पंख भरतात, तरीही ते बापाच्या मागे धावून चोच पसरितेच. मादी तर बहुधा तोवर दुसरी अंडी उबवीत असते.

अशा वयाची तीन पिल्ले मी एकदा वेगळी केली. ज्वारी टाकिली, पाणी ठेविले आणि निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी त्यांतील एक पाण्याच्या भांड्याशेजारीच मरून पडले होते. गळ्याची पिशवी चाचपून पाहिली, तो ती रिकामी. पाणी वीतभर अंतरावर होते. परंतु ते पाणी आहे हे त्यास कोणी दाखविले नव्हते.

पुढच्या खेपेस मी शहाणा झालो. बाजरी व मसूर असे बारीक दाणे घातले, आणि स्वतः टिपू लागलेले एक थोर पिल्लू त्यांच्यात सोडिले, म्हणजे त्याचे पाहून इतरही टिपतील. प्रत्येकाची चोच नाकपुड्या न बुडविता हळूच पाण्यास लाविली. रोज संध्याकाळी गळा चाचपला, व रिकामा आढळला त्यास भिजविलेले चार हरभरे हाताने भरविले. चारच, कारण सकाळी भूक लागली नाही तर ते टिपावयास शिकणार कसे? त्या खेपेस एकही पिल्लू दगावले नाही.

उपदेशक बंधूंनो, इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात, फार दिवस झाले तरी दुधावरच राहणाऱ्यांस दोष दिला आहे. तो अध्याय आपण मंडळीस पुष्कळदा ऐकवितो. पण त्यांस दाणा टिपावयास आपण शिकविले काय? कोणी उपदेशक वर्षानुवर्षे आपणच वाचितो व आपणच प्रार्थना करितो. त्याची बदली झाली की घरोघरची प्रार्थना बंद पडते. दुसरा बाप्तिस्म्यानंतर हाती शास्त्र देतो आणि पुढच्या गावी जातो. ते शास्त्र पेटीत राहते, आणि त्याच्या शेजारी एक जीव उपाशी राहतो.

म्हणून ह्या आठवड्यात एवढे करा. ज्यास थोडे वाचिता येते त्यास सभेत चार वचने वाचू द्या. तो अडखळला तर थांबा, हिसकावून घेऊ नका. ज्या बाईस अक्षर येत नाही तिला एक दाखला सांगा, आणि तोच तिच्या तोंडून ऐका. तिची प्रार्थना दोन शब्दांची असली तरी ती तिची होऊ द्या. मग संध्याकाळी त्यांच्या दारी जाऊन प्रेमाने विचारा, "आज काय घेतले?" जो रिकामा आढळेल त्यास रागावू नका, त्या दिवसापुरते भरवा, आणि उद्या पुन्हा जा.

आपण गेल्यावरही जी मंडळी जेवील, तिच्याविषयी प्रभूपुढे आपणांस लाज वाटणार नाही. तो आपणांस हा धीर देवो. आमेन.