खाल्ल्या मिठाला जागताना

“वय झालं की बीपी थोडं वाढायचंच!” हे वाक्य एसटीत, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर सहज कानी पडतं. एके काळी डॉक्टरही हेच मानत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब कितीतरी वर्षं चढत होता आणि त्यांचे डॉक्टर ‘वयाच्या मानाने ठीक’ म्हणत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी दाब ३००/१९० वर पोहोचला होता. वय अवघं ६३.

तीन वर्षांनी बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅममध्ये एक अभ्यास सुरू झाला. गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांनी दर दोन वर्षांनी तपासून घ्यायचं कबूल केलं. बहुतेक जण धडधाकट होते. पुढे त्यांची मुलं आली, नातवंडंही आली. या माणसांच्या नोंदींतून जगाला कळलं की चढता रक्तदाब ही वयाची साधी खूण नसते. हृदयविकार आणि पक्षाघात त्याच वाटेने येतात. ‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोगही याच अभ्यासातून रूढ झाला.

आज ते घटक आपल्याला तोंडपाठ आहेत. वय आणि आईवडिलांकडून आलेला वारसा आपल्या हातात नाही. जास्तीचं मीठ, वाढलेलं वजन, दिवसभराची बैठक, तंबाखू, दारू, अपुरी झोप, सततचा ताण यांवर मात्र बरंच काही करता येतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर अधिक जपावं लागतं.

पण ‘आपल्या हातात’ म्हणताना मला नेहमी वाढणारा हात आठवतो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमटी, लोणचं, पापड आणि संध्याकाळचं फरसाण मिळून तो चमचा कधी ओलांडला जातो, कळतही नाही. एका पातेल्यातली आमटी सगळं घर जेवतं, म्हणून जोखीमही सगळ्या घराची असते. मग पथ्य एकट्या वडिलांना का? आणि सर्वांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या आईचा दाब शेवटचा कधी मोजला होता? डोकं दुखलं तर ती बाम लावून कामाला लागते. पुष्कळदा तर तेवढीही सूचना न देता हा आजार वर्षानुवर्षं शरीरात राहतो. मोजल्याशिवाय तो दिसत नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण म्हणतो. त्या परक्या गावातल्या माणसांनी दंडाला पट्टा बांधून घेतला, त्याचं फळ आपण खातो आहोत. त्याला जागायचं, तर या आठवड्यात घरातल्या ज्या माणसाचा दाब कुणीच मोजलेला नाही, त्याला हाताला धरून दवाखान्यात नेऊ या. आणि आज आमटीत मीठ घालताना चिमूट थोडी लहान करू या, सगळ्यांसाठीच.