सोपं आहे!

जगातले सर्वांत क्रूर वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, ‘सोपं आहे!’ सांगणाऱ्याला ते सोपे असतेच. ऐकणाऱ्याला मात्र त्यानंतर ‘मला समजलं नाही’ म्हणायची सोय उरत नाही.

परवा माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला नावांवरून पत्तेच सापडेनात. आपण नाव टाइप करतो, पण यंत्राला लागतो आकडी पत्ता. तो ज्याला विचारायचा, त्या नेमसर्व्हरचा ठावठिकाणा यंत्राला आधी सांगून ठेवावा लागतो. माझे यंत्र लिनक्सवाले. त्याचे माहितीपुस्तक त्याच्या पोटातच असते. त्यात लिहिले होते, की नेमसर्व्हर ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलीत लिहावेत, तीनपर्यंत चालतात. फाइल उघडली. तिच्या डोक्यावरच पाटी : ‘ही फाइल बदलू नये!’

‘हात लावू नये’ दिसले की आधी हात लावून पाहणाऱ्यांतला मी. लिहिले. चालले! सौ.ला बोलावून दाखवलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले, तर माझे अक्षर न् अक्षर पुसलेले. पुढे कळले, की ती फाइल हल्ली भलताच एक कारभारी नव्याने लिहून काढतो. त्याला काही सांगायचे तर ‘रिझॉल्व्हड.कॉन्फ’ या वेगळ्या फाइलीत! फरक एका ‘ड’चा. ‘ध’चा ‘मा’ झाला तेव्हा निदान इतिहास तरी घडला. इथे नुसता माझा रविवार गेला.

नावांची ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडली. त्याआधी नावांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी. नाव नोंदवायचे तर कचेरीच्या वेळात फोन करायचा. वाढत्या जाळ्याला हे पुरणारे नव्हते, कबूल. पण फोनच्या पलीकडे माणूस होते. त्याला ‘म्हणजे काय हो?’ असे विचारता येई.

गंमत अशी, की माझ्याशी कोणीच खोटे बोलले नव्हते. पुस्तक खरे, पाटीही खरी. दोन खऱ्यांच्या मध्ये सापडलो मी! मग खरे सांगितले की कर्तव्य संपले का? की ऐकणारा कुठे उभा आहे ते पाहणे, हाही खरे सांगण्याचाच भाग? माझा निकाल झाला होता : जाणत्याने आपले अजाणपण विसरणे हा गुन्हाच!

या सात्त्विक संतापात मी गॅलरीत उभा होतो. खालून एका वृद्ध गृहस्थांनी पत्ता विचारला.

‘‘सोपं आहे,’’ मी म्हणालो, ‘‘सरळ जा आणि पिठाच्या गिरणीपाशी डावीकडे वळा.’’

ते मान डोलावून गेले. चहाचा कप पुढे करीत सौ. म्हणाली, ‘‘अहो, ती गिरणी पाडून चार वर्षं झाली.’’

चहा तसाच ठेवून मी चपला शोधू लागलो.