पुनरावृत्ती आणि पडताळणी

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतला ‘अर्क’ हा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा जिकडेतिकडे एकच आकडा फिरत होता : ११.७७ पेटाफ्लॉप्स. सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. आकडा मोठा आहे, अभिमान वाटावा असाही आहे. खटकते ते एवढेच, की संगणनावरची आपली सार्वजनिक चर्चा या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच बसकण मारते. किती वेगाने, हे सगळे विचारतात. आलेले उत्तर कितव्या अंकापर्यंत विश्वासार्ह, हे विचारणारा रसभंग करणारा ठरतो.

पालीसारख्या दर्याकाठच्या गावात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, बोटी निघायच्या तयारीत असतात आणि नाखवा मोबाइलवर वाऱ्याचा व लाटांचा अंदाज पाहतो. उत्तन-पालीच्या दर्यावर वारा अंगावरून ओळखणारी माणसे आहेत. तीही अंदाज पाहतात, आणि पाहावाच. पण मोबाइलवर दिसणाऱ्या वाऱ्याच्या एका वेगामागे अब्जावधी बेरजा-गुणाकार असतात, आणि त्या बेरजा कोणत्या क्रमाने झाल्या यावर उत्तराचे शेवटचे अंक अवलंबून असतात. अंदाज काढणाऱ्या शास्त्रज्ञांना हे पक्के ठाऊक असते. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलांना मात्र ते कोणी सांगत नाही, कारण ते आपसूक कळण्याची जी एक जागा होती ती आपण सोयीच्या नावाखाली बुजवत आणली आहे. आकडेमोडीची लायब्ररी लिनक्सवर स्वतः बसवणे, ही ती जागा.

एवढ्याशा कामावर इतका भार टाकणे अतिशयोक्त वाटेल. म्हणून उदाहरणच घेऊ. नमपाय ही पायथॉनमधली आकडेमोडीची लायब्ररी २००६ पासून आजच्या रूपात आहे. यंत्र-अध्ययनापासून खगोलशास्त्रापर्यंत तिच्यावाचून कोणाचे पान हलत नाही. डेबियन १२ ही लिनक्स-प्रणाली असलेल्या लॅपटॉपवर विद्यार्थी ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ असे लिहितो आणि यंत्र नकार देते : हा पायथॉन दुसऱ्याच्या व्यवस्थापनाखाली आहे, म्हणजे डेबियनच्या ‘ॲप्ट’च्या. विद्यार्थी वैतागतो, कुठून तरी उपाय शोधतो, आणि आज्ञेपुढे एक पर्याय जोडून मोकळा होतो. त्या पर्यायाचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ आहे. इतके प्रामाणिक नाव संगणकाच्या जगात मी दुसरे पाहिलेले नाही. तरी ते वाचून कोणाचा हात थांबत नाही.

शहाणे शिक्षक अशा वेळी आभासी पर्यावरण करायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण थोडे थांबून त्या नकाराकडे पाहिले असते तर? मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार नमपाय स्वतः करत नाही. तो खाली ‘ब्लास’ला सोपवते. ब्लास हा मुळात एक संकेत आहे, १९७९ मध्ये ठरलेला : अमुक नावाने हाक मारली की तमुक आकडेमोड करून द्यायची. त्याच्यावर १९९२ मध्ये फोरट्रानमधल्या ‘लापॅक’ची इमारत उभी राहिली. संकेत एक, तो पाळणाऱ्या लायब्रऱ्या अनेक. नेटलिबची संदर्भ-आवृत्ती संथ आणि वाचायला सरळ. ‘ओपनब्लास’ वेगवान. तिची वंशावळ पाहिली तर काझुशिगे गोतो या जपानी माणसाने टेक्सासमध्ये प्रोसेसरच्या भाषेत हाताने लिहिलेली लायब्ररी आणि २०११ पासून तिला पुढे नेणारे झांग शियानयी व त्यांचे चिनी सहकारी भेटतात. (संपूर्ण स्वदेशी संगणनाची घोषणा देणाऱ्यांनी आपल्या यंत्रावर काय काय बसवलेले आहे त्याची यादी एकदा पाहावी, त्या मताबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही.)

आता मुद्दा. संगणकातली बेरीज ही शाळेतली बेरीज नव्हे. ०.१ आणि ०.२ मिळवून मग ०.३ मिळवले तर यंत्र ०.६००००००००००००००१ असे उत्तर देते, आधी ०.२ आणि ०.३ मिळवून नंतर ०.१ मिळवले तर ०.६. फरक सोळाव्या अंकात आहे, आणि तो बिघाड नाही. १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ मानकाप्रमाणे प्रत्येक संख्येच्या सार्थ अंकांना ५३ बिटांची जागा मिळते, तीत न मावणारे उत्तर जवळच्या मावणाऱ्या संख्येवर नेले जाते, आणि ते कुठे नेले जाईल ते क्रमावर ठरते. ओपनब्लास वेगवान आहे ती हा क्रम बदलते म्हणूनच. मॅट्रिक्सचे तुकडे पाडते, प्रोसेसरच्या चार-आठ गाळ्यांत एकदम बेरजा करते, काम अनेक धाग्यांवर वाटते. वेग आणि शेवटचे अंक यांचा असा जुना सौदा आहे. महासंगणकाच्या आकड्याने दिपलेल्या चर्चेला तो सौदाच दिसत नाही.

याविरुद्ध जे मत आज सर्वत्र रूढ आहे, त्याला मी कमी लेखत नाही. ते असे : लायब्ररी बसवणे ही हमाली आहे. गणिताच्या विद्यार्थ्याने गणित करावे. सगळी मांडणी एकदा जाणकाराने करावी, कंटेनरमध्ये बंद करावी आणि वर्गात वाटावी, म्हणजे प्रत्येकाकडे तेच उत्तर येईल. नाहीतर ब्राउझरमध्ये चालणारी तयार वही उघडावी. चार तासांच्या प्रात्यक्षिकातले तीन तास त्रुटीसंदेश वाचण्यात घालवणाऱ्या शिक्षकाला हे मत देवदूतासारखे भेटते, आणि कंटेनर मीही रोज वापरतो. तरीही हे मत चूक आहे, आणि ते एकाच जागी चूक नाही.

पहिली गोष्ट, कंटेनर जे वचन देतो असे समजले जाते, ते तो पाळत नाही. तो फायली गोठवतो, प्रोसेसर गोठवत नाही. आजची ओपनब्लास सुरू होताना कोणत्या प्रोसेसरवर आहोत ते तपासते आणि त्याला साजेशी आकडेमोडीची पद्धत निवडते. नमपायही स्वतःच्या काही क्रियांसाठी तसेच करते. तोच कंटेनर जुन्या इंटेलवर आणि नव्या एएमडीवर चालवला तर खालून वेगळी वाट धरली जाते आणि शेवटचे अंक बदलू शकतात. गाभ्यांची संख्या बदलली की कामाची वाटणी बदलते, ती वेगळीच. ‘माझ्याकडे तर बरोबर येते’ हे वाक्य कंटेनरने संपवले, असे म्हणतात. संपवले नाही, एक मजला खाली ढकलले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. समजा वचन पाळले गेले. शंभर विद्यार्थ्यांच्या शंभर लॅपटॉपवर शेवटच्या अंकापर्यंत तेच उत्तर आले. त्यातून काय सिद्ध झाले? एकाच सराफाच्या एकाच काट्यावर दागिना शंभर वेळा तोलला आणि शंभर वेळा तेच वजन भरले, तर काटा स्थिर आहे एवढे कळते. तो खरा आहे हे कळायला दुसरा काटा लागतो. कंटेनर पुनरावृत्ती देतो. पडताळणी देत नाही, देऊ शकत नाही, कारण पडताळणीसाठी जे वेगळे असायला हवे तेच त्याने एकसारखे करून टाकलेले असते. चूक असेल तर तीही निष्ठेने पुन्हा पुन्हा घडते, आणि एकमत पाहून सर्वांना ती खरी वाटू लागते.

तिसरा युक्तिवाद वेळेचा. बसवण्यातला वेळ वाचला की तो गणिताला मिळतो, म्हणतात. वाचलेला वेळ त्याच कंटेनरात आणखी मोठे मॉडेल चालवण्यात जातो, असा माझा अनुभव आहे. शिक्षकांनी आपला आठवावा.

‘यंत्रालाच सांगा, ते बसवून देईल’ हा अगदी नवा पवित्राही आहे. तो वेगळे मत नाही, त्याच मताचा आळशी भाऊ आहे.

पुनरावृत्ती निरुपयोगी आहे, असे म्हणणे नाही. पवईच्या आयआयटीत प्रभू रामचंद्रन यांनी केलेले ‘ऑटोमॅन’ हे साधन शोधनिबंधातली प्रत्येक आकृती एका आज्ञेत पुन्हा काढता यावी यासाठीच आहे. तेवढी शिस्त आपल्या किती प्रबंधांत सापडेल याची मला शंका आहे. त्याच परिसरातल्या ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पांनी सायलॅब, पायथॉन, लिनक्स यांचे धडे मराठीत आणून ठेवले, हे उपकारच आहेत. माझी मागणी त्यापुढची आहे. धडा ‘बसले’ इथे संपतो. तो ‘काय बसले’ इथवर जायला हवा.

हवामानशास्त्रज्ञ तिथवर कधीच पोचले आहेत. १९६१ मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाइप केले आणि हवामान वेगळेच निघाले, ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यातला बोध आता फुलपाखराच्या पंखांखाली दडपला गेला आहे. त्या व्यवसायाने त्यातून काढलेला कामाचा निष्कर्ष कमी लोकांना माहीत असतो. अमेरिकेतल्या एनकार या संस्थेचे हवामानाचे मॉडेल नव्या यंत्रावर नेले की उत्तर बिटाला बिट जुळत नाही, आणि ते जुळावे असा आग्रहही तिथे कोणी धरत नाही. २०१५ मध्ये तिथल्या मंडळींनी कसोटी मांडली ती अशी : सुरुवातीच्या तापमानात दहाच्या उणे चौदाव्या घाताएवढे बदल करत तेच मॉडेल अनेकदा चालवायचे, उत्तरांचा नैसर्गिक पसारा किती ते मोजायचे, आणि नव्या यंत्राचे उत्तर त्या पसाऱ्यात बसते का ते पाहायचे. जुळते का, हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला आणि वेगळेपण अपेक्षित मर्यादेत आहे का, हा धरला. पुण्यातही २०१८ पासून २१ किंचित वेगळ्या सुरुवाती घेऊन एकत्रित अंदाज काढले जातात. तिथे हेतू वेगळा आहे, अंदाजातली अनिश्चितता मोजण्याचा. पण एकाच उत्तरावर विसंबायचे नाही ही वृत्ती तीच.

वेगाच्या स्पर्धेतही हे लपलेले आहे, ही त्यातली गंमत. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचा ‘एका’ हा टाटांचा महासंगणक जगात चौथा आला, तेव्हा आपण सगळे हरखलो होतो. तो क्रम ठरवणारी लिनपॅक चाचणी म्हणजे एका प्रचंड समीकरणसंचाची उकल, आणि तिचा बहुतेक वेळ ब्लासच्या मॅट्रिक्स-गुणाकारात जातो. चाचणी संपली की कार्यक्रम वेग छापतो आणि खाली आणखी एक ओळ छापतो : काढलेले उत्तर समीकरणांत परत घालून उरलेली बाकी ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही. दुसऱ्या कोणाच्या उत्तराशी अंक जुळवून पाहिलेले नसतात. बातमीत पहिली ओळ येते. दुसरी मी आजवर एकाही वृत्तपत्रात वाचलेली नाही.

आता डेबियनच्या त्या नकाराकडे पुन्हा. पिपने येणाऱ्या नमपायच्या पोटात तिची स्वतःची ओपनब्लास बांधून आलेली असते. ती बाहेरून बदलता येत नाही. ॲप्टने आलेली नमपाय मात्र यंत्रावर जी ब्लास असेल तिला हाक मारते, आणि ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ या आज्ञेने ती ब्लास क्षणात बदलता येते. नमपाय पुन्हा बांधावी लागत नाही, कार्यक्रमाची एक ओळ बदलावी लागत नाही. विद्यार्थ्याला ज्या नकाराचा राग आला, तो त्याला नेमका दुसऱ्या काट्याकडे पाठवत होता. ब्राउझरमधल्या तयार वहीत हा दुसरा काटा मागण्याची सोय सहसा नसते, आणि त्याहून वाईट म्हणजे तो मागावा असे सुचतही नाही.

सगळ्यांनी सगळे मुळापासून बांधावे असे मी म्हणत नाही. एकेकाळी ‘ॲटलास’ ही लायब्ररी स्वतःचा वेग मोजत मोजत तासन्‌तास बांधली जायची, ते दिवस परत यावेत असे कोणाला वाटेल? मागणी लहान आहे. प्रत्येक आकडेमोड एकदा नेटलिबच्या ब्लासवर करावी, एकदा ओपनब्लासवर, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत एक रकाना असावा : उत्तरे कितव्या अंकापर्यंत जुळली. साधी, सुस्वभावी मॅट्रिक्स दिली तर तेरा-चौदा अंक सहज जुळतील आणि रकाना भरणे कंटाळवाणे वाटेल. मग एक दिवस समीकरणे सोडवायला बारा बाय बाराची हिल्बर्ट मॅट्रिक्स द्यावी, जिच्यात पहिल्या ओळीत एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश असे अपूर्णांक येतात आणि पुढच्या प्रत्येक ओळीत ते एकेक घर सरकतात. दिसायला इतकी निरागस दुसरी मॅट्रिक्स नसेल. तिचा अवस्थांक, म्हणजे चूक किती पट वाढू शकते ते सांगणारा आकडा, दहाच्या सोळाव्या घाताएवढा आहे. यंत्राच्या हाती अंक आहेत तेही सोळाच. म्हणजे चूक वाढून सगळे अंक गिळू शकते. दोन्ही लायब्रऱ्या बिनतक्रार उत्तर देतील, दोन्ही उत्तरे बहुधा वेगळी असतील, आणि दोन्हींपैकी बरोबर कोणते हा प्रश्न वर्गात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा राहील. ज्या विद्यार्थ्याने त्या दिवशी रकान्यात शून्य लिहिले, त्याला पूर्ण गुण द्यावेत.