कमी कोणते, अधिक कोणते?

आजाऱ्याला भेटावयास गेलो असता नातेवाईक कधी कधी आम्हांला बाजूला घेऊन विचारतात, "फादर, डॉक्टरांनी दोन उपचार सांगितलेत. कोणता चांगला?" समजा, पहिल्या उपचाराने चार ते सहा महिन्यांचे आयुष्य लाभेल, दुसऱ्याने दोन ते आठ महिन्यांचे, असा अंदाज आहे. दोहोंचा मध्य पाचच. मग उत्तर काय द्यावे?

अशा अनिश्चित आकड्यांचेही गणित आहे. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या ३ पूर्णांक १०/७१ पटीहून अधिक आणि ३ पूर्णांक १/७ पटीहून कमी असतो, एवढेच आर्किमिडीजने सिद्ध केले. नेमका आकडा सांगण्याचा आव आणला नाही. दोन टोकांमधल्या अशा टप्प्यांच्या गणितावर रॅमन मूर यांनी १९६६ साली ग्रंथ लिहिला. त्यांच्या तुलनेचा सरळ नियम कडक आहे: एका टप्प्याचे वरचे टोक दुसऱ्याच्या खालच्या टोकाहूनही लहान असेल, तरच पहिला टप्पा लहान. दोन्ही एकमेकांत शिरले, तर हा नियम मौन पाळतो.

हे मौन म्हणजे 'दोन्ही सारखेच' असा कौल नव्हे. '१ ते ३' आणि '२ ते ६' यांत लहान कोण, सांगता येत नाही. '२ ते ६' आणि '४ ते ८' यांतही नाही. तरी '१ ते ३' हा '४ ते ८' पेक्षा निःसंशय लहान आहे.

लिओनिड हुरविच यांनी १९५१ साली या मौनातून एक वाट सुचविली. उत्तम फळाला आपल्या आशेइतके वजन द्यावे, उरलेले वाईट फळाला. आमच्या उदाहरणात आशेचे वजन निम्म्याहून अधिक असेल तर दुसरा उपचार सरस, कमी असेल तर पहिला.

परंतु हे वजन गणितातून येत नाही, ते माणसाच्या अंतःकरणातून येते. कोणाच्या? येथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. सल्ला देणारा भित्रा असेल तर तो स्वतःची भीतीच दुसऱ्याच्या पदरात घालतो आणि तिला 'हिशेब' म्हणतो. आजाऱ्याला कदाचित सातव्या महिन्यातले नातीचे लग्न पाहावयाचे असेल. कदाचित चार महिन्यांत घरची निरवानिरव करावयाची असेल.

म्हणून आताशा आम्ही उत्तर देत नाही. नातेवाइकांना घेऊन पुन्हा खाटेपाशी जातो आणि ज्याचे आयुष्य आहे, त्यालाच आधी विचारतो.