एक वॅट, एक मीटर

सकाळी गाणं लावलं की आवाज बारीकच ठेवावा लागतो. शेजारी अजून उठलेले नसतात. तंबोरा कानावर येतो, मागोमाग षड्ज. एवढ्या आवाजाला स्पीकर कितीशी वीज खात असेल? हिशेब केला तर वॅटचा दहावा हिस्साही पुरतो. ॲम्प्लिफायरवर मात्र ऐटीत शंभर वॅट लिहिलेले असतात.

स्पीकरच्या माहितीपत्रकातही असाच एक आकडा असतो. सेन्सिटिव्हिटी: कुठे ८६ डेसिबल, कुठे ९०. एक वॅट वीज दिली आणि एक मीटरवर आवाज मोजला, तर तो किती भरेल, एवढंच हा आकडा सांगतो. तीन डेसिबल कमी असले तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वीज लागते. मोठा आकडा दिसला की मन लगेच म्हणतं, हाच चांगला. आकडा बिचारा फक्त किती ते सांगत असतो. कसं ते त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

देवळावरचा कर्णा पाहा. थोडक्या विजेत तो काकडआरती वेशीपलीकडे पोचवतो. काटकसरीत घरातले बहुतेक स्पीकर त्याच्या जवळपास येत नाहीत. पण तंबोरा ऐकायला त्याच्याखाली कोणी बसत नाही. खर्ज त्याला झेपत नाही आणि जवारीतून उमटणारी बारीक स्वरांची वलयं त्याच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत पत्र्यासारखी होतात.

याच्या दुसऱ्या टोकाला बीबीसीची एक छोटी पेटी आहे. नाव एलएस ३/५ए, उंची फूटभर. १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत ठेवायला ती घडवली. सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपास. म्हणजे हजार भाग वीज दिली तर एखादा भाग आवाज होणार, बाकीची जवळजवळ सगळी आतली कॉइल तापवण्यात जाणार. इतकी उधळी पेटी. तरीही माणसाचा बोलता आवाज खरा कसा वाटतो, यासाठी रसिक आजही तिचं नाव घेतात.

मग कार्यक्षमतेला काहीच अर्थ नाही? तसंही नाही. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा मोठा हॉर्न बाजारात आणला. त्याचा आकडा शंभराच्या वर. पडदा जितका कमी हलेल तितका आवाज कमी बिघडेल, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. तबल्यावर एकदम थाप पडते तेव्हा क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट वीज लागते. कमी मागणारा स्पीकर तो क्षण सहज निभावून नेतो. आठ वर्षांनी, १९५४ मध्ये, एडगर व्हिल्चर यांनी उलटी वाट धरली. बंद पेटीतल्या हवेलाच त्यांनी स्प्रिंग केलं, कार्यक्षमता सोडून दिली आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोडक्या विजेत मोठा आवाज, ही तिन्ही एका घरी नांदत नाहीत. क्लिप्श यांनी जागा खर्चली, व्हिल्चर यांनी वीज. फुकट कोणालाच काही मिळालं नाही.

आकड्याची खरी गंमत दिसते ती दुकानात. दोन स्पीकर आलटूनपालटून वाजवले जातात. आवाजाचं बटण जागचं हलत नाही. ज्याची सेन्सिटिव्हिटी जास्त, तो थोडा मोठा वाजतो. फरक इतका थोडा असतो की मोठेपणा मोठेपणा म्हणून जाणवतच नाही. तो स्वच्छ वाटतो, मोकळा वाटतो, जिवंत वाटतो. आपण मान डोलावतो आणि म्हणतो, हाच.

अशा वेळी दुकानदाराला थांबवावं. मोठ्या वाजणाऱ्याचा आवाज जरा उतरवून दोघांना एका पातळीवर आणावं आणि तोच तंबोरा पुन्हा लावायला सांगावा. कधी पसंती टिकते, कधी बदलते. पण मघाशी नेमकं काय आवडलं होतं, ते मात्र नव्याने शोधावं लागतं.