सालीखालचं नवं घराणं

सकाळच्या चहाबरोबर ढेकणांचा विषय काढू नये, हे मान्य. पण आजचा ढेकूण माणसाच्या वाटेला जाणारा नाही. तो रक्त पीत नाही, गादीत शिरत नाही. पडलेल्या झाडाच्या सालीखाली, कुजणाऱ्या फांदीच्या पोटाशी तो राहतो आणि लाकडात पसरलेल्या बुरशीच्या तंतूंतला रस पिऊन जगतो. साल आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत वावरायचं म्हणून अंग कमालीचं चपटं, रंग मातकट, चाल संथ. लांबी बहुधा सेंटिमीटरभरसुद्धा नाही. शास्त्रज्ञ या कुळाला अ‍ॅराडिडी म्हणतात. आपण चपटे ढेकूण म्हणू. जगभरात त्यांच्या सुमारे २००० जाती नोंदलेल्या आहेत, आणि अधूनमधून बातमी येते की अमुक बेटावर किंवा तमुक डोंगरावर चपट्या ढेकणांची नवी प्रजाती सापडली.

बातमी वाचताना आपली थोडी गल्लत होते. प्रजाती म्हणजे इथे जीनस, जिच्या पोटात एक किंवा अनेक जाती असतात. जंगलात सापडतो तो कीटक. प्रजाती ठरते ती पुढे कधीतरी, सूक्ष्मदर्शकाखाली, जुनी पुस्तकं आणि जुने नमुने शेजारी मांडून. नवी जाती जाहीर करणारा एवढंच म्हणतो, की या घराण्यातला हा सदस्य आजवर कुणी पाहिला नव्हता. नवी प्रजाती जाहीर करणाऱ्याचा दावा मोठा असतो. आजवर मानलेल्या एकाही घराण्यात हा बसत नाही, असं त्याला छातीठोकपणे सांगायचं असतं. त्यासाठी आधी सगळी घराणी पाहिलेली असावी लागतात. एका पाच मिलिमीटरच्या जीवाविषयी एक वाक्य लिहिण्यासाठी अडीचशे वर्षांचं लेखन चाळणारी माणसं जगात आहेत, हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

अडीचशे वर्षं हा शब्द उगाच वापरलेला नाही. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथात बर्च झाडावरच्या एका चपट्या ढेकणाला नाव दिलं, सायमेक्स बेट्युली. आपल्या खाटेतला ढेकूण त्याच ग्रंथात सायमेक्स लेक्टुलॅरियस म्हणून नोंदला गेला. म्हणजे बुरशी खाणारा आणि रक्त पिणारा, दोघेही तेव्हा एकाच घरात नांदत होते. वेगळं घर मांडून दिलं ते लिनियसच्याच शिष्यानं, डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशियसनं, १८०३ साली. अ‍ॅराडस ही प्रजाती त्यानं स्थापन केली आणि पुढे साऱ्या कुळाला तिच्यावरूनच नाव पडलं. फॅब्रिशियसचा आग्रह असा, की कीटकांची वर्गवारी पंखांपेक्षा तोंडाच्या अवयवांवरून करावी. हा आग्रह पुढे अनेकांनी एकांगी ठरवला. पण चपट्या ढेकणांच्या बाबतीत तरी खरी गंमत तोंडातच आहे.

या किड्याची सोंड बाहेरून आखूड दिसते. तिच्या आतल्या केसासारख्या सुया मात्र विलक्षण लांब, काही जातींत तर शरीराच्या लांबीहूनही जास्त. एवढ्या लांब सुया ठेवायच्या कुठे? डोक्यात, वेटोळं करून. पतंग उडवणारा फिरकीतून मांजा सोडतो तसा हा किडा लागेल तेवढी सुई बाहेर सोडतो आणि काम झालं की पुन्हा गुंडाळून घेतो. लाकडाच्या आत खोलवर गेलेले बुरशीचे तंतू त्याला जागचं न हलता गाठता येतात. खाटेतल्या ढेकणाकडे असलं काही नाही. आजच्या वर्गीकरणात हे दोघे दोन वेगळ्या शाखांवर आहेत. चपटेपणा दोघांनी आपापल्या गरजेनं, स्वतंत्रपणे मिळवला.  आणि योगायोग असा, की विसाव्या शतकात या दोन्ही कुळांवरचे पायाभूत ग्रंथ एकाच माणसाच्या नावावर आहेत. कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट युसिंजर यांनी र्‍युइची मात्सुदा यांच्यासोबत १९५९ साली चपट्या ढेकणांचं जागतिक वर्गीकरण प्रसिद्ध केलं, आणि १९६६ साली खाटेतल्या ढेकणांच्या कुळावरचा ग्रंथ.

नव्या प्रजाती येतात कुठून? बऱ्याचदा पायाखालच्या पाचोळ्यातून. उष्ण प्रदेशातल्या दमट अरण्यांत या कुळातल्या कितीतरी जातींनी पंख टाकून दिले आहेत. अन्न जमिनीवर, निवारा जमिनीवर, मग उडायचं कशाला? पण पंख गेले की डोंगर ओलांडता येत नाही. दरी आडवी आली तरी ती सीमाच होते. न्यूझीलंड, मादागास्कर, न्यू गिनी अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडलेल्या या बिनपंखी किड्यांची रूपं इतकी वेगळी होत गेली, की एका जातीसाठी एक स्वतंत्र प्रजाती मानण्याची वेळ येते. न्यूझीलंडमधल्या एका प्रजातीचं नाव आहे चायनामायर्सिया. चीनचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. चायना हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ढेकूणतज्ज्ञाचं आडनाव, आणि मायर्स हे त्याच्याबरोबर न्यूझीलंडच्या ढेकणांवर लिहिणाऱ्या अभ्यासकाचं. युसिंजरनी दोघांना एका नावात बांधून टाकलं.

पाचोळ्यातला किडा हाती लागणं हेच मुळात कठीण. तो हलत नाही, रंगानं मातीचाच असतो, डोळ्यांसमोर असून दिसत नाही. अंतोनियो बेर्लेसे या इटालियन शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर एक साधा उपाय काढला. चाळणीवर पाचोळा, चाळणीखाली नरसाळं, नरसाळ्याखाली अल्कोहोलची बाटली, आणि ऊब. पाचोळा वरून वाळत जातो तसतसे आतले जीव ओल शोधत खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. पुढे वर दिवा लावण्याची सोय झाली. तत्त्व अजून तेच आहे. एका पोत्यातल्या पाचोळ्यातून कोळी, माइट, मुंग्या, गोमी यांची जत्रा उतरते, आणि नशीब असेल तर तीत एखादा चपटा ढेकूण.

त्यानंतरही काम सोपं होत नाही. यातल्या काही बिनपंखी जातींच्या अंगावर माती आणि कचरा यांचा कडक थर बसलेला असतो. तो निघाल्याशिवाय खालची रचना कळत नाही, आणि काढताना हात जड झाला की मिशी किंवा पाय मोडलाच. थर उतरला की मोजदाद सुरू होते. मिशीला चार खंड, पावलाला दोन, कपाळावर साधे नेत्रक नाहीत. ही तर साऱ्या कुळाची ओळख झाली. वेगळेपण शोधायचं ते पुढे. पोटाच्या कडेची श्वासरंध्रं वरून दिसतात की खालून? दुर्गंध सोडणाऱ्या ग्रंथींचं तोंड कुठे उघडतं? पाठीचे कोणते खंड एकमेकांत जुळून एकच पत्रा झाला आहे? नराच्या जननेंद्रियाची ठेवण कशी आहे? अशा पाच-सात गोष्टी एकत्र जमून आल्या आणि त्या एकाही ज्ञात प्रजातीशी जुळल्या नाहीत, तर नव्या नावाचा विचार करायचा.

पुष्कळदा हा विचार करायला कुणी नसतंच. नमुना येतो, टाचणीला लागतो, कपाटाच्या खणात जातो. बेन्वा फोंतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक हिशेब मांडला होता. नव्या जातीचा नमुना गोळा होणं आणि तिचं वर्णन प्रसिद्ध होणं, यांत सरासरी २१ वर्षं जातात. गोळा करणारा निवृत्त झालेला असतो, कधी वारलेलाही असतो. ते अरण्यही तसं उरलेलं नसतं.

पण दोन दशकांचं काय घेऊन बसलो! २००१ साली इन्सब्रुकचे एर्न्स्ट हाइस आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी ब्रह्मदेशातल्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत राळेत अडकलेल्या एका चपट्या ढेकणासाठी नवी प्रजाती स्थापन केली. नाव आर्केअ‍ॅराडस बर्मेन्सिस. हे अंबर काचिन प्रांतातल्या हुकाँग खोऱ्यातलं, म्हणजे अरुणाचलच्या पलीकडच्या बाजूचं. त्याचं वय सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हापासून झाला, तो बाहेर पडला ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास. डायनोसोर अजून हिंडत होते, दख्खनचं पठार व्हायचं होतं, आणि हा प्राणी एका झाडाच्या राळेत रुतला. याउलट युरोपातल्या बाल्टिक अंबरमध्ये सापडलेले, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचे काही चपटे ढेकूण गेर्मार आणि बेरेन्ट यांनी १८५६ सालीच खुशाल आजच्या अ‍ॅराडस प्रजातीत नोंदवले होते. नाव बदलावं असं त्यांच्यात काही दिसलंच नाही. चार कोटी वर्षं एकाच घरात आणि एकाच चेहऱ्यानं! कुजणारं लाकूड, त्यावरची बुरशी, सालीखालची फट. यांतलं काही बदललं नाही, मग किड्यानं तरी का बदलावं?

नाव देण्याचे नियम कडक आहेत आणि ते तसे असावेतच. प्रजातीचं नाव साऱ्या प्राणिसृष्टीत एकदाच वापरता येतं. एखाद्या माशाच्या किंवा गोगलगायीच्या प्रजातीला ते आधीच दिलेलं असेल, तर ढेकणाला मिळत नाही. १९३०नंतरच्या नावांसाठी वेगळेपण सांगणारं वर्णन हवं आणि प्रजातीचा आधार म्हणून एक ठरावीक जाती नेमून द्यायला हवी. एवढं करूनही नाव टिकेल याची हमी नाही. उद्या कुणी दाखवून दिलं, की हे घराणं शंभर वर्षांपूर्वीच दुसऱ्या नावानं नोंदलं होतं, तर जुनं नाव राहतं आणि नवं पर्याय म्हणून यादीत जातं. कोर्मिलेव्ह आणि फ्रोश्नर यांनी १९८७ साली जगभरातल्या चपट्या ढेकणांची जी सूची छापली, ती याच अर्थानं वाचण्यासारखी आहे. कोणी काय मानलं आणि नंतर कोणी ते खोडलं, याची ती वहीच.

म्हणून काही अभ्यासक ऊठसूट नव्या प्रजाती काढणाऱ्यांवर नाराज असतात. एका जातीची एक प्रजाती, तीही दोन-तीन नमुन्यांवरून, हा उतावळेपणा आहे असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. तरीही माझं झुकतं माप उतावळ्यांकडेच. छापलेलं मत चुकलं तर ते खोडता येतं, वर्णन मात्र पुढच्या अभ्यासकाच्या कामी येतं. खणात पडून राहिलेल्या किड्याबद्दल कुणाचं मत चुकायलाही वाव नसतो.

खणाबाहेर, जिवंत अरण्यात यांचं वागणंही नवलाचं. या कुळातल्या काहींना तर आगीचं आकर्षण असतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅराडस अल्बिकॉर्निस या जातीच्या छातीवर उष्णतेचे अवरक्त किरण ओळखणारे सूक्ष्म अवयव आहेत. वणवा लागला की बाकीचे पळतात, हा तिकडे उडत येतो, कारण जळक्या लाकडावर लवकरच बुरशी धरणार असते. फिनलंड आणि स्वीडनमध्ये वणवे चटकन विझवले जाऊ लागले आणि मेलेली झाडं जंगलातून उचलली जाऊ लागली, तसे असे ढेकूण दुर्मीळ झाले. आता तिथे काही ठिकाणी मुद्दाम, आटोक्यात ठेवून जंगल जाळतात. आपल्याकडे डोंगरावर दरवर्षी लावल्या जाणाऱ्या वणव्यांना हा दाखला म्हणून कुणी वापरू नये. तिथलं अरण्य वेगळं, आग वेगळी.

आपल्याकडे सह्याद्रीतही हे कुळ आहे. भारतातल्या चपट्या ढेकणांसाठी अजूनही शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा, विल्यम डिस्टंट यांनी लिहिलेला 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'चा खंड उघडावा लागतो. त्यानंतर भर पडली, पण ती तुटक. शोधायचंच झालं तर कुठे शोधावं? पडलेलं लाकूड जिथे पडून राहू दिलं जातं तिथे. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशी जागा गावानंच राखलेली असते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात ज्यांचा अभ्यास केला, त्या देवरायांतून वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, हा दंडक अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. आता मंदिराचा जीर्णोद्धार होतो, सिमेंटचा ओटा होतो, आणि 'स्वच्छता' म्हणून पडलेले ओंडके आणि पाचोळा आधी हलतो. आपल्या गावाच्या देवराईत असा बेत शिजत असेल, तर गावकीच्या बैठकीत जाऊन एवढं सांगा, की ओटा बांधा, पण ओंडके राहू द्या. आणि कधी त्या ओंडक्याची सुटी साल उचलून खाली डोकावलात, तर पाहून झाल्यावर ती होती तशीच परत ठेवा.