सह्या कुणाच्या, कारण कोणते?

लोकप्रतिनिधीला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना हवा, ही मागणी आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढते. 1974 च्या बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी ती मांडली, 2011 मध्ये अण्णा हजारे यांनी लोकपालापाठोपाठ तिचा आग्रह धरला. मागणीमागची चीड खरी आहे. एकदा बटण दाबले की आपला आमदार कुठल्या हॉटेलात मुक्कामाला आहे ते टीव्हीवर पाहायचे, एवढेच मतदाराच्या हाती उरणार असेल तर त्याने आणखी काही मागण्यात गैर काय? प्रश्न आहे तो ही प्रक्रिया कोणी आणि कशासाठी सुरू करायची, याचा.

कॅलिफोर्नियात 1911 पासून ही सोय आहे. गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत जेवढे मतदान झाले त्याच्या 12 टक्के सह्या जमल्या की पुरे, आरोप सिद्ध करावा लागत नाही. 2003 मध्ये ग्रे डेव्हिस यांना फेरनिवडीनंतर वर्षाच्या आतच घरी पाठवले गेले; त्यांच्या जागेसाठी 135 उमेदवार होते. 2021 मध्ये गॅव्हिन न्यूसम यांच्यावर तीच वेळ आली. सुमारे 15 लाख सह्या हव्या होत्या, त्या जमल्या. सुमारे 20 कोटी डॉलर खर्चून मतदान झाले आणि जवळपास 62 टक्के मते न्यूसम यांच्या बाजूने पडली. 2018 मध्येही त्यांना तेवढीच मिळाली होती! सह्यांवरून जनमत पालटल्याचे दिसले नाही. हरलेल्या बाजूकडे माणसे, पैसा आणि चिकाटी आहे, एवढे मात्र दिसले.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात याचीच एक धाकटी आवृत्ती आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाला पहिली दोन वर्षे हात लावता येत नाही. मग सदस्यांची नोटीस तहसीलदाराकडे जाते, तीन-चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर करावा लागतो आणि शेवटी ग्रामसभेत गुप्त मतदान होते. यातले गुप्त मतदान शहाणपणाचे. गावात कागदावर सही करणे म्हणजे उघड बाजू घेणे. ज्याच्या घरकुलाचे काम पंचायतीत अडकले आहे तो सरपंचाविरुद्ध सही कशाला करील? पण सुरुवात सदस्यांच्या हाती असल्यामुळे ठरावामागे कारभाराऐवजी पॅनेलचे गणित असू शकते, आणि राखीव जागेवरून आलेल्या सरपंचाला त्याची झळ आधी लागते.

ब्रिटनने 2015 च्या कायद्यात क्रम उलटा केला. आधी खासदाराला तुरुंगवास, सभागृहातून ठरावीक काळाचे निलंबन किंवा खर्चाच्या खोट्या दाव्याबद्दल शिक्षा व्हावी लागते. मगच मतदारसंघात सहा आठवडे सह्यांसाठी मिळतात आणि 10 टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी होते. हटवलेला खासदार पोटनिवडणूक लढवूही शकतो. 2019 मध्ये पीटरबरोच्या खासदाराला असेच जावे लागले, तर त्याआधीच्या वर्षी नॉर्थ अँट्रिममध्ये सह्या थोडक्यात कमी पडल्या. कर वाढवला किंवा अतिक्रमण काढले म्हणून तिथे कुणाची खुर्ची जात नाही. परत बोलावण्याने देश अस्थिर होईल, हा 2011 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी घेतलेला आक्षेप अशा रचनेला फारसा लागू पडत नाही.

आपल्याकडे असे कारण म्हणून मी पक्षांतर धरीन. कर्नाटकात 2019 मध्ये अपात्र ठरलेल्या आमदारांपैकी बहुतेकांना मतदारांनी पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून दिले, मग उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हाच की त्यांना विचारले गेले. महाराष्ट्रात जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, विधानसभा अध्यक्षांचा निर्णय आला 10 जानेवारी 2024 ला, आणि त्यात दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. मतदारांना काही विचारले गेले ते थेट नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत. कारण घडले की नाही हे ठरवण्याचे काम अध्यक्षांकडे ठेवून चालणार नाही. ते निवडणूक आयोगाकडे हवे, तेही काही आठवड्यांच्या मुदतीत.